१८०५ चं ते नाणं डाइम आहे की हाफ डाइम? भाव विचारण्याआधी ते मोजा

नमस्कार. तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. न्यू जर्सीत एका घराच्या सामानविक्रीत तुम्ही शिवणाचा जुना डबा घेतला आणि तळाशी अकरा चिमुकली चांदीची अमेरिकन नाणी निघाली. एकावर १८०५ आहे, एकावर १८३५. दोन अगदी पातळ, चांदणीच्या छापाची, १८५२ आणि १८६१ ची. उरलेली सात बसलेल्या बाईची, १८४३ ते १८६५ मधली. या अकरांतल्या एकाला भोक आहे आणि एकाच्या मागे कुणाची तरी आद्याक्षरं कोरलेली आहेत. जवळच्या दुकानदाराने सगळ्यांचे मिळून १८० डॉलर सांगितले. हा भाव बरोबर आहे का, आणि काळी पडलेली नाणी चिंच लावून उजळून मग दुसरीकडे दाखवू का, असं तुम्ही विचारलंत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला घाई आहे: चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको, कापडाने पुसणंसुद्धा नको. नाणी आहेत तशी राहू द्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात देता येणार नाही. ‘किती येतील’ या प्रश्नाच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत. हे नेमकं कोणतं नाणं आहे? त्याच्या अंगावर दोनशे वर्षांत काय काय झालंय? आणि तशाच नाण्याला खरोखर पैसे मोजणाऱ्यांनी अलीकडे किती मोजले? हे तीन प्रश्न याच क्रमाने सोडवावे लागतात. क्रम चुकला की माणूस एकतर हातचं घालवतो, नाहीतर फुकटच्या आशेवर राहतो. दुकानदार लबाड आहे असं मी नाणी न पाहता म्हणणार नाही. १८०५ चं नाणं वाईट खराब झालेलं असेल, तर त्याचा आकडा फार चुकीचा नाही. ते धड असेल, तर तो आकडा त्या एकाच नाण्याला कमी आहे.

आकाराबद्दल थोडं बोलतो, कारण या नाण्यांचं सगळं गणित आकाराशी बांधलेलं आहे. आपल्याकडची ब्रिटिशकालीन चांदीची चवली हातात घेतली असेल, तर तिचं वजन साधारण दीड ग्रॅम. अमेरिकन हाफ डाइम, म्हणजे चांदीचे पाच सेंट (डाइम म्हणजे दहा सेंट), तिच्याहूनही हलका: सुरुवातीला १.३५ ग्रॅम आणि १८५३ नंतर १.२४ ग्रॅम. तीन सेंटचं चांदणीचं नाणं तर पाऊण ग्रॅमच्या आसपास. म्हणजे यात चांदी अशी किती असणार? चांदीचा भाव कितीही चढला, तरी या नाण्यांची किंमत चांदीवर ठरत नाही. ती ठरते वरच्या कातडीवर. मोठ्या डॉलरवर नखाएवढा ओरखडा खपून जातो, पण पंधरा-सोळा मिलिमीटरच्या नाण्यावर तोच ओरखडा अर्ध्या चेहऱ्यावरून जातो. पातळ असल्यामुळे ही नाणी वाकतात, गळ्यात घालायला भोक पाडून घेतली जातात, खिशात गुळगुळीत होतात. त्यामुळे जुनं नाणं मिळणं तितकं दुर्मीळ नाही. जुनं आणि कुणी छळ न केलेलं नाणं मिळणं दुर्मीळ आहे.

चिंचेचा मुद्दा मी अनुभवाने सांगतो. अमेरिकेत आल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी १८२९ चा हाफ डाइम घेतला. सुंदर राखाडी रंग होता त्याला, जुन्या पैंजणासारखा. घरी येऊन अॅल्युमिनियमच्या कागदावर ठेवलं, खायचा सोडा आणि गरम पाणी घातलं, मग मऊ फडक्याने पुसलं. दोन मिनिटांत पांढरंशुभ्र! पुढच्या वर्षी विकायला काढलं तेव्हा ज्याने मला ते विकलं होतं त्यानेच निम्म्याहून कमी भाव दिला, आणि भिंगाखाली धरून दाखवलं: मोकळ्या भागावर एका दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा. त्या माझ्याच फडक्याच्या होत्या. नाण्यावर ठसा बसतो तेव्हा धातू दाबाखाली वाहतो आणि त्या वाहण्याच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नव्या नाण्याची जिवंत चमक तिथून येते. घासलं की त्या रेषा मोडतात आणि पुन्हा कधीही येत नाहीत. झिजलेल्या नाण्यावर ती चमक उरलेली नसते, पण त्याचा शांत राखाडी रंग हीच त्याच्या वयाची साक्ष असते. झिजलेलं आणि तरी लखलखीत पांढरं नाणं दिसलं, की जाणकार लगेच हात आखडतो.

अपवाद एकच. नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात राहून त्यांच्यावर हिरवट चिकट थर आला असेल, तर तो शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून काढता येतो. हवा खेळती ठेवून, ज्योतीपासून दूर, आणि न घासता. अॅसिटोन चांदीला धक्का लावत नाही. तुमची नाणी लाकडी डब्यात होती, त्यामुळे ही वेळ बहुधा येणार नाही.

आता १८०५. माझ्या दृष्टीने तुमच्या डब्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाणं हेच, आणि नेमका त्याचा व्यास तुम्ही लिहिलेला नाही. या नाण्यावर किंमत लिहिलेलीच नसते. डाइमवर ‘१० सी’ अशी अक्षरं १८०९ पासून आली, हाफ डाइमवर ‘५ सी’ १८२९ पासून. १८०५ च्या दोन्ही नाण्यांवर एका बाजूला मोकळ्या केसांची लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली बाई, आणि दुसऱ्या बाजूला छातीवर ढाल असलेला गरुड. चित्र तेच, फरक फक्त आकाराचा. डाइम साधारण १९ मिलिमीटर आणि २.७० ग्रॅम, हाफ डाइम साधारण १६.५ मिलिमीटर आणि १.३५ ग्रॅम. झिजेमुळे वजन थोडं उतरलेलं असेल, पण निम्म्यावर येणार नाही. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा वीसेक डॉलरला मिळतो. आधी तो घ्या.

फरक एवढा का महत्त्वाचा? १८०५ सालचे डाइम पाडले गेले १,२०,७८० आणि हाफ डाइम १५,६००. दोन्ही सारख्याच स्थितीत असतील, तर हाफ डाइमला साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त भाव येतो. त्यातही १८०५ हे हाफ डाइमच्या पहिल्या पर्वाचं शेवटचं वर्ष. त्यानंतर थेट १८२९ पर्यंत हाफ डाइम पाडलाच गेला नाही. कारण साधं होतं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चांदी आणून देणारे लोक आणि बँका मोठी नाणी मागत. एवढ्याशा नाण्यांचा उपद्व्याप कुणाला नको होता. बाजारात सुट्ट्याची गरज स्पॅनिश अमेरिकेतून आलेले रियाल आणि अर्धे रियाल भागवत होते. परदेशी असूनही ती नाणी अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती. फिलाडेल्फियात अर्ध्या रियालला ‘फिप’ म्हणत, न्यू ऑर्लिन्सला ‘पिकायून’. १८०५ चं देशी नाणं हातात धरलं की मला हे नेहमी आठवतं: ज्या देशाचं ते नाणं, त्या देशाच्याच बाजारात ते अल्पसंख्य होतं.

सुरुवातीची ओढ मात्र मोठी होती. टांकसाळ कायदा २ एप्रिल १७९२ चा. इमारत तयार होण्याआधीच त्या जुलैत जॉन हार्पर या करवत बनवणाऱ्याच्या तळघरात सुमारे पंधराशे ‘हाफ डिस्म’ (हाफ डाइमचं तेव्हाचं नाव) पाडले गेले, आणि नोव्हेंबरमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने काँग्रेससमोरच्या भाषणात त्या छोट्या सुरुवातीचा उल्लेख केला. ती नाणी आज सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात नाहीत. तुमचं १८०५ त्याच घराण्यातलं आहे, म्हणून त्याला हात लावताना कडेने धरा.

ते भिंगाखाली बघाल तेव्हा दोन गोष्टी शोधा. गरुडाच्या पंजातल्या ऑलिव्हच्या फांदीला किती फळं आहेत ते मोजा. डाइम असेल तर चार फळांचा ठसा जास्त वेळा दिसतो, पाच फळांचा त्यामानाने कमी. दुसरं, मोकळ्या भागात किंवा कडेजवळ समांतर खोल रेघा दिसल्या तर घाबरू नका. त्या काळी कोरी चकती वजनाला जास्त भरली तर ठसा मारण्याआधी कानशीने घासून कायदेशीर वजनात आणत. त्या रेघा टांकसाळीतल्याच असतात. ओळखायचं कसं? टांकसाळीतल्या रेघांवर नंतर ठसा बसलेला असतो, त्यामुळे त्या ठिकठिकाणी पुसट किंवा दबलेल्या दिसतात. नंतरचा ओरखडा अक्षराला कापून जातो. अशा रेघांनी भाव थोडा उतरतो, पण नंतरच्या ओरखड्याइतका नाही.

धड, न घासलेला, झिजलेला पण साल आणि लिबर्टीची आकृती स्पष्ट असलेला १८०५ चा डाइम आज पाचशे डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. तोच घासलेला किंवा वाकवून सरळ केलेला असेल तर दोनशेच्या आसपासही थांबतो. दुकानदाराचे १८० कुठून आले असतील ते आता तुमच्या लक्षात येईल. त्याने बहुधा सगळ्यात वाईट शक्यता धरली.

१८३५ च्या नाण्याबद्दल थोडक्यात. टोपीवाल्या लिबर्टीचा हाफ डाइम असेल, तर त्या वर्षी सत्तावीस लाखांवर पाडले गेले. देखणं, पण दुर्मीळ नाही. चांगल्या मध्यम स्थितीत शंभर डॉलरच्या आसपास. १८३५ मध्ये सालाचे आणि ‘५ सी’चे लहान-मोठे आकडे अशा जोड्या आहेत. त्यात गोडी लागली तर आयुष्य पुरत नाही, पण भावात त्याने फारसा फरक पडत नाही.

चांदणीची दोन पातळ नाणी म्हणजे तीन सेंट. ३ मार्च १८५१ च्या कायद्याने टपालाचा दर तीन सेंटवर आला आणि त्याच कायद्याने हे नाणं जन्माला आलं, तिकिटासाठी सुटे पैसे हवेत म्हणून. व्यास अवघा १४ मिलिमीटर. लोक त्याला ‘माशाचा खवला’ म्हणत, आणि तळहातावर घेतल्यावर ते का म्हणत हे कुणालाही कळेल. तुमच्या दोन नाण्यांची गंमत अशी की दोन्हींची चांदी वेगळी आहे. १८५२ च्या नाण्यात शंभरात पंचाहत्तर भाग चांदी, १८६१ च्या नाण्यात नव्वद. कमी चांदी मुद्दाम ठेवली होती, कारण कॅलिफोर्नियात सोनं निघाल्यावर सोन्याच्या तुलनेत चांदी महाग झाली आणि पूर्ण कसाची चांदीची नाणी लोक वितळवून किंवा परदेशी पाठवून मोकळे होत होते. १८५२ च्या चांदणीला बाहेरची रेघ नसेल, १८६१ च्या चांदणीभोवती दिसेल. दोन्ही साधी वर्षं आहेत. १८५२ ची तर एक कोटी शहाऐंशी लाखांवर पाडली गेली. प्रत्येकी तीस ते साठ डॉलर, पण वाकलेली नसतील तरच. दिव्याकडे आडवी धरून बघा, सपाट आहेत का.

बसलेल्या लिबर्टीची सात नाणी मात्र नीट वेगळी करा. १८५३ ते १८५५ मधलं एखादं असेल, तर सालाच्या दोन्ही बाजूंना बाण आहेत का ते पाहा. फेब्रुवारी १८५३ च्या कायद्याने चांदी वितळवणं थांबवायला वजन कमी केलं आणि नवं हलकं नाणं ओळखू यावं म्हणून बाण घातले. १८५३ चा बाण असलेला हाफ डाइम एक कोटीहून जास्त, बिनबाणाचा फिलाडेल्फियाचा फक्त १,३५,०००. मग मागची बाजू: माळेच्या आत किंवा माळेखाली ‘ओ’ असेल तर न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया.

इथे तुमचं १८६५ येतं. ते हाफ डाइम असेल आणि मागे ‘एस’ नसेल, तर अकरा नाण्यांत ते १८०५ च्या शेजारी बसेल, कारण फिलाडेल्फियात त्या साली फक्त १३,५०० पाडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोत १,२०,०००. पण माझा अंदाज आहे की तुमच्या नाण्यावर ‘एस’ सापडेल, आणि त्यामागचा विचार सांगतो. यादवी युद्धात १८६२ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या बाजारातून चांदीची चिल्लर नाहीशी झाली. लोकांनी ती दडवली, आणि तिकिटं नि कागदी चिल्लर चालू लागली. त्यामुळे फिलाडेल्फियाची १८६३ ते १८६७ ची छोटी नाणी फारशी हातोहात फिरलीच नाहीत. कॅलिफोर्नियात मात्र लोक नाण्यांनीच व्यवहार करत राहिले. म्हणून त्या वर्षांचं झिजलेलं नाणं दिसलं की मी आधी ‘एस’ शोधतो. तो झिजून अगदी पुसट झालेला असतो. आणि खरंच नसेल, तर ती जागा भिंगाने तपासतो, कुणी खरवडून काढलाय का म्हणून.

भोक पडलेल्या नाण्याचा मोह सोडा. भोक बुजवून घेऊ नका, बुजवलेलं भोक उघड्या भोकापेक्षा जास्त संशय निर्माण करतं. साध्या वर्षाचं असेल तर ते काही डॉलरचंच. पण एक विनंती: ते १८०५ असेल तर हा नियम लागू नाही. सुरुवातीच्या काळातली भोक पडलेली नाणीही हौसेने घेणारे लोक आहेत.

आद्याक्षरं कोरलेलं नाणं टाकाऊ समजू नका. त्याला लव्ह टोकन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसलेल्या लिबर्टीच्या डाइमची एक बाजू गुळगुळीत करून त्यावर प्रिय व्यक्तीची अक्षरं कोरून घ्यायची रीत होती. साखळीत, ब्रेसलेटमध्ये, पिनेत लावत. नाणं म्हणून त्याची किंमत गेली, पण कोरीवकाम नाजूक असेल तर लव्ह टोकन जमवणारे वेगळे पैसे देतात. सालापेक्षा तिथे कारागिराचा हात बघितला जातो.

आता स्थिती ठरवण्याबद्दल. अमेरिकेत १ ते ७० चा मापदंड वापरतात. बसलेल्या लिबर्टीच्या ढालीवर ‘लिबर्टी’ हा शब्द आहे: एकही अक्षर दिसत नसेल तर ‘गुड’, तीनेक अक्षरं दिसली तर ‘व्हेरी गुड’, सगळी दिसली तर ‘फाइन’. हा ठोकताळा आहे, कायदा नाही. काही वेळा ठसाच कमजोर बसलेला असतो, विशेषतः न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवर, आणि नाणं न झिजताही अक्षरं पुसट दिसतात. म्हणून मी एकच दिवा लावतो, नाणं कडेने धरून हळूहळू फिरवतो. झीज उंचवट्यांवर रंग बदलते. कमजोर ठशात उंचवट्याचा रंग भोवतालसारखाच राहतो.

बनावट नाण्यांची भीती सुरुवातीच्या नाण्यांना खरी आहे. घरच्या घरी वजन, व्यास आणि चुंबक या तीन गोष्टी करता येतात. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण न चिकटणारं सगळं चांदी नसतं, हेही लक्षात ठेवा. डाइम आणि हाफ डाइमच्या कडेला उभ्या खाचा हव्यात, चांदणीच्या तीन सेंटची कड साधी हवी. कडेभोवती ओतकामाची शिवण दिसली तर तिथेच थांबा.

आतापर्यंतचं काम एवढंच: काही न धुता प्रत्येक नाण्याचा व्यास, वजन, मागची खूण आणि दिसणारी इजा एका कागदावर लिहायची. अकरा ओळी होतील. भाव त्यानंतर.

भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली किंमत बघा. मोठ्या लिलावघरांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी फोटोंसह मोफत बघायला मिळतात. तुमच्या नाण्याच्या तोडीची चार-पाच नाणी शोधा, आणि त्यात ‘डिटेल्स’ असा शेरा असलेली वेगळी धरा. तो शेरा म्हणजे नाणं अस्सल, पण घासलेलं, भोक पाडलेलं किंवा इतर इजा झालेलं. छापील दरपुस्तकातला आकडा हा साधारण दुकानातला विक्रीचा भाव असतो. दुकानदार तुमच्याकडून घेताना त्याच्या साठ ते ऐंशी टक्के देईल, आणि त्यात गैर काही नाही, त्याला भाडं भरायचं असतं.

प्रमाणपत्रासाठी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांकडे सगळी अकरा पाठवू नका. शुल्क, टपाल आणि विमा धरून एका नाण्याला पन्नास-साठ डॉलर सहज लागतात, आणि पन्नास डॉलरच्या नाण्यावर तेवढा खर्च करणं शहाणपणाचं नाही. १८०५ नक्की पाठवा. १८६५ वर ‘एस’ नसेल तर तेही. बाकीची नऊ एखाद्या नाणेप्रदर्शनात घेऊन जा. तिथे एका छताखाली दहा दुकानदार भेटतात आणि तासाभरात तीन भाव हातात येतात.

विकायचीच आहेत का, हेही ठरवा. घाई नसेल तर सगळी एकदम विकू नका. आज दुकानदाराला ‘विचार करून सांगतो’ एवढं कळवा, आणि १८०५ चा व्यास, वजन आणि दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो पाठवा. साडेसोळा मिलिमीटर निघाला, तर ते नाणं टपालाने कुणालाही बघायला पाठवण्याआधी मला सांगा. विमा कितीचा उतरवायचा ते आपण आधी ठरवू.